लेथचे अठ्ठेचाळीस हिस्से

शेत वाटता येते, घर वाटता येते, भांडीकुंडीही वाटून घेता येतात. लेथ वाटता येत नाही. आपल्या अनेक घरांत अशी एखादी वस्तू असते. कुणाकडे पिठाची गिरणी, कुणाकडे शिलाई मशीन, कुणाकडे मालवाहू रिक्षा. जोपर्यंत कमावणारा माणूस हयात असतो तोपर्यंत ती त्याच्या हाताचाच भाग वाटते. तो गेला की ती वस्तू तरक्यात येते आणि तिच्यावर सर्व वारसांचा हक्क लागतो. मग तिची किंमत किती, हा प्रश्न येतो. मरहूम अब्बांच्या लेथबाबत या प्रश्नाचे उत्तर आम्हाला कसे मिळाले आणि त्या उत्तराने तो लेथ सांभाळण्याची पद्धत कशी बदलली, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

आम्ही कन्नड तालुक्यातल्या पिशोरचे. गावाजवळून अंजना नदी वाहते. आजूबाजूला कापूस, मका आणि अद्रकाची शेती. जिथे शेती आहे तिथे पंप, ट्रॅक्टर, मळणी यंत्र आणि कडबाकुट्टी आलीच, आणि जिथे ही यंत्रे आहेत तिथे झिजलेल्या पिना, सैल झालेले बुश आणि वाकलेले शाफ्टही आलेच. अब्बा तरुणपणी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि तिथेच टर्नर झाले. १९९१ साली त्यांनी सहा फुटी बेडचा एक जुना लेथ विकत घेतला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गावी आणला. घराला लागून पत्र्याचे शेड होते, त्यात तो बसवला. तेव्हापासून तो तिथेच आहे.

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि कुंभार तिला हाताने आकार देतो. लेथवर लोखंड फिरते आणि पोलादी टूल त्याला आकार देते. चाक मात्र आडवे नसून उभे असते. त्याला चक म्हणतात. लोखंडाचा तुकडा चकच्या जबड्यात घट्ट पकडला जातो. समोर बिडाचा लांब बेड असतो. त्यावरून कॅरेज सरकते आणि कॅरेजवर टूल बसवलेले असते. टूल सरळ रेषेत सरकले की फिरणारा तुकडा गोल आणि एकसारख्या जाडीचा होतो. लेथची सगळी करामत या सरळ रेषेत आहे. बेड सरळ असेल तर काम सरळ, बेड झिजला असेल तर काम तिरके.

हा हुन्नर आपल्याला नवा नाही. उर्दूत लेथला खराद म्हणतात आणि टर्नरला खरादी. अरबीत लाकूड कातणाऱ्या कारागिराला खर्रात म्हणतात, त्याच कुळातला हा शब्द. कैरोच्या जुन्या घरांना ज्या जाळीदार लाकडी खिडक्या आहेत, ज्यांना मश्रबिया म्हणतात, त्यांचे छोटे छोटे गोल तुकडे अशाच खरादावर कातलेले असत. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणीही कातकामातूनच घडतात. धातूसाठी मात्र हाताने धरलेले टूल पुरत नाही. इंग्लंडात १८०० च्या सुमारास हेन्री मॉड्सले याने टूल घट्ट धरणारी सरकती बैठक आणि टूलला ठरावीक गतीने पुढे नेणारा लांब स्क्रू एकाच यंत्रात नीट बसवले, आणि एकसारखे आटे पाडणे सोपे झाले. त्यानंतर कारखान्यांची दुनियाच बदलली.

महाराष्ट्रात यंत्रांचे नाव निघाले की लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निघते. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून ते लोखंडी नांगरापर्यंत आले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारा म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये, बंगळुरात सरकारी एचएमटी सुरू झाली. या दोन ठिकाणच्या लेथचे नाव टर्नर लोक आजही अदबीने घेतात. आमचा लेथ तेवढ्या मोठ्या घराण्यातला नाही. तो पंजाबातल्या बटाल्याचा आहे. बटाल्यात बिडाच्या ओतकामाच्या अनेक भट्ट्या आहेत आणि तिथले साधे, पट्ट्यावर चालणारे लेथ देशभरातल्या छोट्या वर्कशॉपांत पोहोचले. आमच्या लेथला तीन पायऱ्यांची पुली आहे. पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकवला की वेग बदलतो. बॅक गिअर धरून एकूण सहा वेग मिळतात. अब्बांचे आयुष्यभराचे काम या सहा वेगांत झाले.

२०१९ च्या सुरुवातीला अब्बांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. दफनविधीचा खर्च झाला आणि मग अब्बांची वही उघडली. एका पानावर लोखंडाच्या व्यापाऱ्याचे देणे होते, दुसऱ्या पानावर गावातल्या लोकांकडची उधारी. देणे आधी फेडले. अम्मीचा मेहर अब्बांनी हयातीतच दिलेला होता. वसीयत काही नव्हती. दादा-दादी आधीच गेलेले. त्यामुळे वारस आम्ही पाच जण: अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि दोन बहिणी.

हिशोब सोपा आहे, पण पुष्कळ घरांत तो मांडलाच जात नाही. मुले असताना पत्नीचा आठवा हिस्सा. उरलेल्यातून मुलाला दोन तर मुलीला एक. सर्वांना पूर्ण आकडे यावेत म्हणून एकूण अठ्ठेचाळीस भाग धरले. अम्मीचे ६, आम्हा दोघा भावांचे प्रत्येकी १४, बहिणींचे प्रत्येकी ७. म्हणजे शेडमध्ये उभ्या असलेल्या त्या लेथचे अठ्ठेचाळीसांपैकी चौतीस हिस्से माझे नव्हतेच. मी २०१४ मध्ये चिकलठाण्यातल्या कारखान्याची नोकरी सोडून अब्बांच्या हाताखाली आलो होतो. रोज त्याच लेथवर काम करत होतो. तरी वारसा हक्कात माझ्या त्या पाच वर्षांना वेगळा हिस्सा नव्हता. त्या पाच वर्षांची मजुरी मला अब्बांनी दिली होती, आणि ती मी खाल्ली होती.

आता किंमत. धाकटा भाऊ वाळूजला नोकरी करतो. तो म्हणाला, "भाईजान, जुना माल आहे. भंगारात देऊ, पैसे वाटून घेऊ. उगाच मनात काही राहायला नको." त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता, त्याला भांडण टाळायचे होते. भंगारवाल्याने बिडाचा भाव किलोला २४ रुपये सांगितला. लेथचे वजन अंदाजे ९०० किलो, म्हणजे २१,६०० रुपये. शहरातला जुन्या मशिनींचा एक दलाल आला. त्याने चकभोवती हात फिरवला, पट्टा ओढून पाहिला आणि ५५,००० म्हणाला. चाचा म्हणाले, "तुझ्या अब्बांची निशाणी आहे, त्याची काय किंमत करता?" चाचांचे मन मोठे, पण निशाणीला किंमत नाही असे म्हटले की बहिणींच्या हिश्श्यालाही किंमत राहत नाही. हे त्यांना अम्मीनेच समजावले.

शेवटी कन्नडहून अब्बांच्या ओळखीचे एक वयस्कर टर्नर आले. त्यांनी चहा नंतर घेईन म्हणून सांगितले आणि आधी कॅरेज हाताने बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. चकजवळ ती सहज सरकत होती, टेलस्टॉककडे गेली की जड होत होती. "बेड इथे खाल्लाय," ते म्हणाले. त्याचे कारण सरळ आहे. लेथवरची बहुतेक कामे छोटी असतात आणि ती चकजवळच होतात. कॅरेज वर्षानुवर्षे त्याच वीतभर जागेत मागेपुढे फिरते, म्हणून बेड तिथेच झिजतो. दुसरे टोक जवळजवळ कोरे राहते. मग त्यांनी एक सळई चकमध्ये पकडली. तिच्यावर दोन कडी ठेवली, एक चकजवळ, दुसरे बाहेरच्या टोकाला. मधला भाग उतरवला आणि टूल न हलवता एकाच कापात दोन्ही कडी छिलली. मायक्रोमीटरने मोजले तर दोन्हींच्या जाडीत चार शतांश मिलिमीटरचा फरक निघाला. एक मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले चार.

त्यांनी कागदावर मांडले ते असे. त्या मापाचा नवा लेथ सगळ्या सामानासह दीड लाखाच्या आसपास. या लेथची अर्धी उमर अजून आहे, म्हणून ७५,०००. क्रॉस स्लाइडचा नट आणि पट्टा लवकरच बदलावा लागेल, त्याचे ३,००० वजा. म्हणजे ७२,०००. मोटर, दोन्ही चक, टूल आणि चेंज गिअर त्यात धरलेले. "यापेक्षा जास्त सांगितले तर तुझ्यावर जुलूम, कमी सांगितले तर बहिणींवर," असे म्हणून त्यांनी कागदाखाली सही केली आणि मगच चहा घेतला.

७२,००० चे अठ्ठेचाळीस भाग केले तर एक भाग १,५०० चा. अम्मीचे ९,०००, आम्हा भावांचे २१,००० प्रमाणे, बहिणींचे १०,५०० प्रमाणे. लेथ मी ठेवायचा, इतरांचे ५१,००० द्यायचे, असे ठरले. तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "मला नको. भाईजानकडेच राहू द्या." धाकटीनेही मान हलवली. अशा वेळी बहुतेक घरांत सगळ्यांना हायसे वाटते आणि विषय संपतो. अम्मीने तो संपू दिला नाही. ती मला म्हणाली, "पैले उनके हात में रख. फिर देना है तो वो देगी." हातात न आलेली रक्कम सोडणे आणि हातात आलेली रक्कम परत करणे यात फरक आहे. पहिल्यात लाज असते, माहेर तुटण्याची भीती असते. दुसऱ्यात मर्जी असते. मी तीन महिन्यांत दोघींचे पैसे त्यांच्या हातात ठेवले. दोघींनीही ते परत केले नाहीत. थोरलीने मुलीच्या फीसाठी वापरले, धाकटीने काय केले ते मी विचारले नाही. मला विचारण्याचा हक्कही नव्हता. सोडते म्हणालेल्या दोघींना त्या पैशांची गरज होती, हे मात्र त्या दिवशी सगळ्यांना कळले.

अम्मीचे आणि भावाचे पैसे मी हप्त्याने देऊ लागलो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागले. भावाचा कारखाना बंद, पगाराचा पत्ता नाही. शेती मात्र थांबली नव्हती. उन्हाळी पिकांना पाणी लागत होते, पंप बिघडत होते, आणि शहरात जाऊन सुटे भाग आणणे कठीण झाले होते. त्या दिवसांत लोक शेडच्या दाराशी येऊन लांबूनच सांगत, "भाई, एवढा बुश तेवढा करून द्या, पाणी अडलंय." ज्या लेथला भंगारात घालायचे बोलणे झाले होते, त्यानेच त्या महिन्यांत भावाचे हप्ते वेळेवर पोहोचवले. भाव त्याने काढला नव्हता, मी काढला नव्हता, एका तिसऱ्या जाणकाराने काढला होता. म्हणून त्या व्यवहाराबद्दल आजवर कुणाच्या मनात किंतु आला नाही.

या हिशोबामुळे लेथकडे पाहण्याची माझी नजर बदलली. पूर्वी तो अब्बांचा होता आणि मी त्यावर काम करणारा. आता त्या यंत्रातला दोष आणि त्याची किंमत ही एकाच कागदावर लिहिलेली होती. दोष वाढला की किंमत घटणार. म्हणून त्याची निगा हा माझ्या लेखी हिशोबाचाच भाग झाला. ती निगा काय असते ते सांगतो, कारण घरात कुठलेही जुने यंत्र असले तरी त्यातले बरेचसे लागू पडते.

पहिली गोष्ट जमीन. आमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घातलेली फरशी थोडी थोडी हलत राहते आणि फरशीबरोबर लेथचे पायही. एक पाय केसभर खाली गेला तरी बेडला पीळ पडतो आणि काम तिरके येते. अब्बांनी लेथ बसवताना मुरूम लागेपर्यंत खोदून दगड भरला होता, म्हणून आमचा लेथ कमी हलतो, पण हलतो. त्यासाठी गवंड्याची लेव्हल चालत नाही. एका रेघेला मीटरमागे दोन शतांश मिलिमीटर दाखवणारी बारीक लेव्हल लागते. ती मी वर्षातून दोनदा एका मित्राकडून मागून आणतो, दसऱ्याच्या सुमारास आणि मे महिन्यात. बेडच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवून पाहतो. फरक दिसला तर पायाखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवतो किंवा काढतो. दुपार जाते, पण पुढचे सहा महिने काम सरळ येते.

दुसरी गोष्ट तेल. आमच्या लेथच्या मुख्य शाफ्टला बॉल बेअरिंग नाहीत, गनमेटलचे बुश आहेत. त्यांच्या डोक्यावर तेलाच्या वाट्या आहेत. सकाळी मोटर सुरू करण्याआधी त्या भरायच्या, हा अब्बांचा नियम. आधी तेल, मग बिस्मिल्लाह, मग बटण. बेडला आम्ही ६८ नंबरचे तेल लावतो. ग्रीस कधीच नाही. ग्रीस किस धरून ठेवते, आणि लोखंडाचा किस मिसळलेले ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच. ते बेड खात बसते. पॉलिश पेपरने एखादा शाफ्ट चमकवायचा असेल तर त्याआधी बेडवर कापड अंथरायचे, कारण पेपरचे खडे लोखंडापेक्षा कठीण असतात. किस ब्रशने झाडायचा, हवेच्या पाइपने उडवायचा नाही. हवा त्याला कॅरेजच्या खाली ढकलते. रात्री झाकायला प्लॅस्टिक नको, सुती चादर बरी. पावसाळ्यात प्लॅस्टिकखाली ओल साचते आणि सकाळी बेडवर तांबूस थर दिसतो.

तिसरी गोष्ट पट्टा. चामड्याच्या पट्ट्याला अधूनमधून एरंडेल लावले की तो मऊ राहतो आणि पुलीला धरून चालतो. नव्या लेथना असा पट्टा नसतो, सगळे गिअर डब्यात बंद. पण पट्ट्याचा एक फायदा आहे. टूल अडकले की पट्टा घसरतो आणि गिअरचे दात वाचतात.

चौथी गोष्ट सुटे भाग. आमच्या लेथचे भाग बाजारात तयार मिळत नाहीत. ते करावे लागतात. लेथची खुबी अशी की तो स्वतःचे पुष्कळ भाग स्वतःच करू शकतो. अट एकच, जुना भाग अजून चालत असतानाच नवा करून ठेवायला हवा. क्रॉस स्लाइडचा नट, ज्याचे पैसे त्या कागदावर वजा झाले होते, तो मी जुन्या नटवरच काम चालवून तयार केला. गनमेटलचा तुकडा आणला, आतून आटे पाडले, बाहेरून माप घेतले आणि एका जुम्म्याला सुट्टीत बदलला. जुना पूर्ण मोडेपर्यंत थांबलो असतो तर तोच भाग करायला दुसऱ्याच्या दारी जावे लागले असते.

इतके करूनही झिजलेला बेड कोरा होत नाही. शहरात नेऊन बेड ग्राइंड करून घेता येतो, पण त्याचा खर्च, वाहतूक आणि बंद राहिलेले दिवस सध्या परवडत नाहीत. मग उरतो एकच मार्ग. हा लेथ काय करू शकतो आणि काय नाही, ते पक्के माहीत असणे. बेडची झीज लांबीवर दिसते. बोटभर लांबीच्या बुशला किंवा बेअरिंगच्या छोट्या बैठकीला तिचा त्रास होत नाही, तिथे मी माप बिनचूक देतो. दोन फुटी शाफ्ट मात्र एका टोकाला वेगळा आणि दुसऱ्या टोकाला वेगळा येतो. असा शाफ्ट घेऊन कुणी आला की मी सांगतो, "अण्णा, हे काम माझ्या लेथवर सरळ येणार नाही. शहरात न्या." काही जण म्हणतात, "चालतंय की, थोडं इकडं तिकडं." पण त्या थोड्याने पंप थरथरतो आणि नवे बेअरिंग महिन्यात जाते. त्याचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते बनवून आपल्या हाताच्या कमाईवर जगत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. लोखंडाच्या धंद्यात हलाल कमाईचा अर्थ माप खरे देणे हाच आहे, एवढे मला या कामाने शिकवले.

किसाबाबतही अब्बांचा असाच नियम होता. लोखंडाचा किस फारशा किमतीचा नसतो, तो आम्ही गोळा करून वर्षाकाठी विकतो आणि गिऱ्हाइकांना ते माहीत असते. गनमेटल किंवा पितळ गिऱ्हाइकाने आणले असेल तर त्याचा किस पुडीत बांधून त्याला परत. धातू त्याचा, तर किसही त्याचा. शेडच्या कोपऱ्यात त्यासाठी वेगळा पत्र्याचा ट्रे आहे.

लेथ घराला लागून असला की घरालाही काही नियम लागतात. फिरत्या चकजवळ सैल बाही, गळ्यातला रुमाल, ओढणी, अंगठी, हातमोजे यांपैकी काहीही नको. चक कापड आणि माणूस यांत फरक करत नाही. चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. कुणी बटण दाबले तर ती गोळीसारखी सुटते. मुलांना शेडमध्ये यायला बंदी नाही, पण जमिनीवर पिवळी रेघ आहे, तिच्या अलीकडेच थांबायचे. अजान झाली की मोटर बंद, आणि इशानंतर लेथ चालत नाही, कारण शेजारीही माणसे राहतात आणि त्यांच्याही मुलांच्या परीक्षा असतात. अम्मी आता थकली आहे, पण संध्याकाळी दारातून डोकावून विचारते, "पोछा मारा क्या?" बेड पुसून तेलाचा हात फिरवल्याशिवाय जेवायला बसायचे नाही, हा तिचा दंडक अब्बांनाही लागू होता.

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिला आयटीआयला जायचे आहे, टर्नर की इलेक्ट्रिशियन हे अजून ठरलेले नाही. मुलगा लहान आहे. ते दोघे हा लेथ चालवतील की विकतील, हे मी आज ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. कारखान्यात मी सीएनसी मशिनी चालवल्या आहेत. तिथे आकडे भरले की एकासारखे हजार नग निघतात. या लेथवर एका शेतकऱ्याचा एकच बुश होतो. दोन्हींची गरज आहे, पण पुढच्या पंधरा-वीस वर्षांत गावात याची किती गरज उरेल, कुणास ठाऊक.

ठरवता येईल असे एकच होते, ते मी केले आहे. अब्बांच्या वहीतच, त्यांच्या उधारीच्या पानांनंतर, लेथसाठी काही पाने ठेवली आहेत. दर वर्षी मे महिन्यात लेव्हल लावून झाली की दोन कड्यांची चाचणी घेतो आणि फरक तारखेसह लिहितो. कोणता भाग कधी बदलला, त्याला किती खर्च आला, कोणता बदलायचा राहिला आहे, भंगाराचा भाव किती आणि चालू यंत्र म्हणून जाणकार किती देईल, तेही लिहितो. पहिल्या पानावर कन्नडच्या त्या बुजुर्गांचा कागद चिकटवला आहे आणि त्याखाली कुणाला किती दिले त्याच्या पावत्या. माझ्यानंतर या लेथचे पुन्हा हिस्से होतील, तेव्हा मुलीला "मला नको" म्हणण्याआधी आपला हिस्सा किती रुपयांचा आहे हे त्या वहीत वाचता येईल.